एकेचाळीस मायांची बोडी

समोर दिसतं ते तळं नव्हे, बोडी. आमच्याकडे लहान तळ्याला बोडी म्हणतात. आणि खरं सांगायचं तर ही बोडीसुद्धा नव्हे, पाणी भरून राहिलेली मॅंगनीजची जुनी खदान आहे. काठावरचा तो काळा दगड उचलून पाहा, वजन कळेल. उचला, पण खिशात घालू नका. आणि फोटोसाठी मला त्या झाडाखाली उभी करू नका, आधी ऐकून घ्या.

खदानीतल्या पहिल्या बायका कोण, कुठल्या, कोणाच्या लेकी, हे शोधायला तुम्ही आलात. चांगलं केलंत. तुमच्याआधी चार वेळा लोक येऊन गेले. प्रत्येकाकडे कंपनीच्या जुन्या हजेरीची नक्कल होती, आणि मला पहिला प्रश्न हाच, "मावशी, तुमच्या आजोबांचं नाव काय?" अहो, शोधायला निघालात बायका आणि विचारता आजोबा! त्या हजेरीत डोळे फुटेस्तोवर शोधलंत तरी बाई सापडणार नाही. सापडेल ती फक्त 'जोडी'. कंपनी नवरा-बायकोला मिळून कामावर घेई. नवरा दगड फोडी, बायको टोपलीने वाहून नेई. मुन्शी नवऱ्याचं नाव लिही आणि पुढे 'जोडी' असा शब्द ओढून मोकळा होई.

आमच्या गावाची, डोंगरटोल्याची रीत तुम्ही ऐकली असेल. नवी सून या बोडीवर पहिली घागर भरते आणि गावची लेक सासरी जाताना शेवटची, तेव्हा तिने पाण्याकडे तोंड करून आपलं नाव सांगायचं, मग आईचं, मग आईच्या आईचं. नवऱ्याचं नाव चालत नाही, आडनाव चालत नाही. मागच्या बायकांनी प्रत्येक नाव ऐकून परत म्हणायचं, मगच घागर बुडवायची. ही रीत कुठून आली, ते सांगते.

गोऱ्या साहेबाच्या काळात इथे माणसं लांबलांबून आली, रायपूरकडून तर थव्यांनी. त्या वेळी भागरता नावाची एक बाई होती, सोमाची बायको. ती बाळंत झाली आणि तिची टोपली अडली. जोडी मोडली की सोमाचंही काम जाणार. तेव्हा बदली बाई पाठवायची पद्धत होती. एकीची तब्येत बिघडली की दुसरी तिच्या जागी उभी राही. मुन्शीला काय, जोडीत दोन डोकी दिसली की झालं.

त्या दिवसांत रायपूरकडची एक विधवा खदानीवर होती. नवरा वाटेतच तापाने गेलेला, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. नवरा नाही म्हणून जोडी नाही, आणि जोडी नाही म्हणून तिला काम नाही. मग ती इतरांच्या बदलीवर जाई. आज हिच्या जागी, उद्या तिच्या. काळा दगड नुसता हातात तोलून चांगला की भुसभुशीत हे ती सांगे, आणि तिचं कधी चुकलं नाही म्हणतात. भागरताच्या जागी ती चाळीस दिवस गेली. तिची मुलगी भागरताजवळ राही, भागरता दोन्ही लेकरांना पाजी. संध्याकाळी दोघी एका चुलीवर भाकरी खात.

आणि त्या चाळीस दिवसांत भागरताने तिला नाव विचारलं नाही! मला या गोष्टीचा लहानपणापासून संताप येतो. एका ताटात जेवलीस, तिचं लेकरू छातीशी घेतलंस, आणि नाव विचारायला तुझी जीभ झिजली असती का? पण तेव्हा सगळ्या तशाच वागत. बाईला माहेरच्या गावावरून हाक मारायची नाहीतर लेकरावरून. खदानीवर 'रायपूरवाली' म्हणून हाक मारली की अकरा जणी वळून बघत.

पोळा झाल्यावर दोन दिवसांनी खदानीची वरची कड खचली. खाली एकटी ती होती. दगड-मातीचा ढीग एवढा मोठा, की तिला काढता आलं नाही. मुन्शीने लिहिलं, सोमाची जोडी मेली. भागरता दोन्ही लेकरं घेऊन त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मी जिती हावो ना, मुन्शीजी. थे दुसरी होती."

"कोन दुसरी? नाव सांग, लिहून घेतो."

भागरताने कडेवरच्या पोरीकडे पाहिलं. मुन्शीने दौत बंद केली.

दहाव्या दिवशी खदानीच्या काठावर तिला पाणी द्यायला लोक जमले. पाणी सोडायला बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोनाच्या नावानं सोडू?" कोणी म्हणालं रायपूरवाली, कोणी म्हणालं बदलीवाली, कोणी म्हणालं या पोरीची माय. म्हातारा वैतागून ओंजळ तशीच धरून बसला. शेवटी पाणी त्याच्या बोटांतून खाली गेलं आणि विधी राहूनच गेला. भागरता तिथेच बोलली, "हिच्या मायचं नाव सापडल्याबिगर या पोरीचं नाव ठेवनार नाही मी. उद्या हे मोठी झाली अन् मले पुसलं, माही माय कोन, तं का सांगू?"

असं सांगतात, की त्याच दिवसापासून खदानीत खालून पाणी फुटलं. साहेबाने यंत्र लावून उपसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. महिन्याभरात खदान तुडुंब भरली आणि कंपनीने ती सोडून पलीकडे दुसरी खणली. पाणी मात्र काळं आणि गढूळ, बैलसुद्धा तोंड लावत नसत म्हणे.

पुढल्या वर्षी भागरता आपलं लेकरू सोमाजवळ ठेवून, त्या मुलीला पाठीशी बांधून पूर्वेकडे चालत निघाली. रायपूरकडे पोळ्यानंतर तीजा असते. लग्न झालेल्या लेकी त्या सणाला माहेरी येतात, आया वाटेकडे डोळे लावून बसतात. नेमक्या त्याच दिवसांत ही तिथे पोचली. पहिल्याच गावात तिने विचारलं, "तुमची कोनी लेक कडेवर पोरगी घेऊन खदानीवर गेली होती का?" एक म्हातारी धावत आली. "मोर नोनी!" म्हणजे माझी लेक. तिने मुलीचं नाक पाहिलं, कान पाहिले, आमच्याच घरचे म्हणाली. भागरताला वाटलं, सापडलं. तेवढ्यात दुसरी आली, मग तिसरी. सगळ्यांच्या लेकी खदानीवर गेलेल्या, आणि निरोप एकीचाही नाही. दुसऱ्या गावात तेच, तिसऱ्यात तेच. एका गावी तर दोन आया मुलीचे दोन हात धरून भांडायला लागल्या. भागरताने मुलगी कोणाच्या हातात दिली नाही. पण जिने जिने आपल्या लेकीचं नाव सांगितलं, ते तिने पाठ केलं. लिहिता कुठे येत होतं तिला! रोज चालताना ती सगळी नावं पहिल्यापासून म्हणे. नऊ गावं झाली. एक नाव शोधायला गेली होती, एकेचाळीस घेऊन परत आली.

कोणतं खरं? मला विचारू नका. तिलाही कळलं नाही. ती तशीच धुळीच्या पायांनी या काठावर आली आणि एकेक नाव घेऊन एकेक ओंजळ सोडली. एकेचाळीस ओंजळी झाल्या, आणि पाणी हळूहळू निवळलं म्हणतात. काही म्हणतात अठराव्या नावाला निवळलं, तेच खरं नाव. काही म्हणतात शेवटच्या नावाला. या वादावरून आमच्या गावात दोन घरं अजून एकमेकांकडे जेवत नाहीत. माझं मत विचाराल तर गाळ खाली बसायला वर्ष लागतंच, त्यात नवल काय? पण पुढचं मी खरं मानते. वाटेने घागरी घेऊन चाललेल्या बायका तिथे थांबल्या होत्या. त्यांतल्या एकीने शेजारणीला हळूच विचारलं, "बाई, तुहं नाव का वो?" तीन वर्षांपासूनची शेजारीण होती तिची. त्या दिवशी सगळ्यांनी एकमेकींना नावं सांगितली, आयांचीही सांगितली, आणि तिथून ही रीत पडली.

मुलीचं नाव भागरताने तीजा ठेवलं. तीजा लग्नाच्या दिवशी घागर घेऊन इथे उभी राहिली. स्वतःचं नाव सांगितलं आणि अडली. मागच्या बायका म्हणाल्या, "भागरता म्हन ना, तिनंच तं वाढवलं." भागरता चिडली. "मी दूध पाजलं. माय तिची खाली हाय." तेव्हा तीजाने एकेचाळीस आयांची नावं घेतली, एकही न गाळता.

ती तीजा माझी आजी, माझ्या आईची आई. म्हणून आजही आमच्या घरच्या लेकीला आईच्या आईवर थांबता येत नाही. तीजापर्यंत जाऊन पुढची एकेचाळीस म्हणावीच लागतात. बाकीच्यांचं मिनिटभरात उरकतं, आमचं चालू झालं की मागच्या बायका एकेक नाव परत म्हणत घागरी कमरेवर घेऊन ताटकळतात आणि मला बोल लावतात. मीसुद्धा वैतागते. सातव्या वर्षापासून ही नावं घोटून घेतली आहेत माझ्याकडून, चुकलं की पाठीत धपाटा.

या उन्हाळ्यात माझ्या मुलीची मुलगी रोशनी सासरी निघाली. नागपूरला शिकलेली, तिला पाठांतराचा कंटाळा. काठावर उभी राहून तिने एकेचाळिसांतली सव्वीस नावं घेतली आणि सत्ताविसाव्याला थांबली. आठवेना. मांडवापाशी गाडी भोंगा वाजवत होती. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. एक नाव गळालं तर तेच खरं असेल, ही भीती आमच्या घरात चार पिढ्यांपासून आहे. मी ओरडायला तोंड उघडलं, तोच मागच्या बायका एकदम म्हणाल्या, "सुकवारो!" एकही त्यांतली आमच्या घरची नव्हती. एक तर गेल्याच वर्षी सून होऊन आलेली. रोशनीने वळून त्यांच्याकडे पाहिलं, पाण्याकडे तोंड केलं, सुकवारो म्हणाली, आणि उरलेली चौदा नावं त्या सगळ्या जणी तिच्याबरोबर म्हणाल्या.