शिरखोलची पडकी कमान

शिरखोल बंदराच्या चौकात उभं राहिलं की नजर आधी जाते ती पडक्या कमानीकडे. पूर्वेला पाणबाईचं देऊळ, उत्तरेला वखारींची लांबलचक रांग, दक्षिणेला जुनं जकातघर, आणि पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला, जांभ्या दगडाची ऐसपैस सदर. सदरेच्या सगळ्या कमानी शाबूत आहेत, फक्त मधली नाही. तिच्यावरचं छप्परही नाही, मागची भिंतही नाही. दोन्ही बाजूंचे दगड दात पडल्यासारखे वेडेवाकडे उघडे आहेत. त्यांना कुणी गिलावा केलेला नाही, आणि कुणी करायला गेलं तर गाव करू देत नाही. खिंडारातून समोर वाळू दिसते, वाळूपलीकडे पाणी. उलट वाळूवर उभं राहून मागे पाहिलं, तर खिंडाराच्या बरोबर मधोमध उभी दिसते चौकातली काळी दीपमाळ.

पाहुणे विचारतात, वादळात पडली का हो? की बांधायचीच राहिली? मग बापू मिठबावकर चौरंगावर सरसावून बसतात. गावात सगळ्यांत वयस्कर तेच, म्हणून गोष्ट सांगायचा मान त्यांचा. सांगतातही छान. फक्त एका जागी जरा घाई करतात, आणि गोष्ट नेमकी तिथेच आहे.

शिडाची गलबतं चालायची त्या काळी चौकाला पश्चिमेची बाजू नव्हतीच, असे सांगतात. वखारींची भिंत इकडे, जकातघराची तिकडे, आणि मधून थेट समुद्र. ती जागा चुकून मोकळी राहिली होती असं नव्हे. खाडीच्या तोंडाशी एका अंगाला खडप आहे, पाण्याखाली दबा धरून बसलेला खडक. दुसऱ्या अंगाला वाळूचा दांडा. मधली खोल वाट अरुंद. अंधारून आल्यावर आत शिरायचं तर गलबताचा तांडेल दीपमाळेचा दिवा शोधायचा. दोन भिंतींच्या मधून दिवा दिसला, वाट बरोबर. दिवा भिंतीआड गेला, तर आपण बाजूला सरकलो. सुकाणू फिरवायचं आणि दिवा पुन्हा दिसेपर्यंत फिरवत राहायचं. ज्यांनी चौक आखला त्यांनी तो गावात बसणाऱ्यांसाठी आखलाच नव्हता. पाण्यावरच्या माणसासाठी आखला होता.

दिवा लावायचं काम कान्हू तांडेलाच्या घराकडे होतं. कान्हू थकला तसा त्याचा मुलगा हिरू तांडेल झाला, आणि दिवा आला हिरूच्या बायकोकडे. तिचं नाव आवडी. रोज संध्याकाळी ती कमरेला तेलाची बुधली बांधून दीपमाळेवर चढायची, वात लावायची, आणि उतरण्याआधी थोडा वेळ पाण्याकडे बघत राहायची. हिरू गलबत घेऊन गेलेला असला की जरा जास्त वेळ.

चौकात गावाचे पंच बसत. विसाजीशेट त्यांचा म्होरक्या, निम्म्या वखारी त्याच्या. या पंचांपैकी कुणी घोट्याच्या वर पाण्यात गेलेला नव्हता. पण बंदराचं काय करायचं ते हेच ठरवत. त्यांना पश्चिमेचा वारा सोसेना. म्हणे कानात शिरतो, पानावरचा चुना उडवतो, अंगवस्त्र जागेवर राहू देत नाही. मग त्यांनी ठरवलं की गावाच्या शोभेसाठी सदर हवी. समुद्राकडे पाठ करून, जाड भिंतीची, आणि पलीकडच्या बंदरातल्या सदरेपेक्षा उंच आढ्याची.

इथे बापू घाई करतात. ‘बांधली हो सदर,’ म्हणतात आणि पुढे जातात.

बांधताना काय झालं ते असं. पाया खणला त्या संध्याकाळी आवडीने सासऱ्याला विचारलं, “मामंजी, आणि दिवा?”

कान्हू जाळं विणत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “शेटनी विचार केला असेल.”

“शेटना काय ठाऊक? तुम्ही सांगितलंत का?”

“आपली गलबतं दिवसाउजेडी येतात, सूनबाई. भाकरी टाक.”

सांगितलं नव्हतं. कारण विसाजीशेटने कान्हूला नव्या सदरेत जागा देऊ केली होती, मधल्या कमानीखाली, स्वतःच्या शेजारी. कान्हू जन्मभर पंचांसमोर पायरीखाली उभा राहिला होता, वहाणा हातात धरून. गलबतं हाकणाऱ्या खारव्याच्या घरातलं कुणी कधी वर बसलं नव्हतं. आता त्याच्या नावाचा चौरंग सुतार घडवत होता. बाकीचे पंच अडाणी होते, त्यांना माफ करता येईल. कान्हूला ठाऊक होतं. त्याचा मुलगा त्याच दिव्यावर भरवसा ठेवून पाण्यात होता, आणि हा गप्प राहिला.

सदर उभी राहिली. आढं चढलं, कौलं बसली. त्या दिवशी आवडी दीपमाळेवर चढली आणि तिला समोर कौलंच दिसली. टाचा उंचावल्या तरी कौलंच. तिने वात लावली नाही. तशीच उतरली, तो कोरडा दिवा घेऊन सदरेत गेली आणि पंचांच्या पुढ्यात ठेवला.

विसाजीशेट दचकला. “हे काय गो? तिन्हीसांजेला विझलेला दिवा?”

“वरून मला पाणी दिसत नाय, शेट. म्हणजे पाण्याला मी दिसत नाय.”

“दिवा देवीसाठी असतो. देवीला दिसतो ना?”

“देवी देवळात आहे. गलबतं बाहेर आहेत.”

पंच हसले. एक जण म्हणाला, “कान्हू, सून भारीच शिकवून ठेवलीस!” कान्हूही हसला. नव्या चौरंगावर बसून त्याला दुसरं काही जमलं नाही.

आवडीने तिथेच पाणबाईची आण घेतली, असे सांगतात. जो दिवा पाण्याला दिसत नाही, तो माझ्या हाताने लागणार नाही. पंचांनी याला पाप म्हटलं आणि गुरवाला दिवा लावायला सांगितलं. गुरव बिचारा लावू लागला. रोज दिवा पेटे, रोज तो सदरेची पाठ उजळे. दिवा लागला की नाही एवढंच पंच विचारत. कुणाला दिसला, हे कुणीच विचारत नसे.

पावसाळ्याआधीची शेवटची गलबतं यायची होती. ती उशिरा आली, आणि वारा फिरल्यामुळे दिवस मावळायला आला तेव्हा तोंडाशी पोचली. वाळूवर बायका जमल्या. शिडं ओळखू येत होती. पुढचं हिरूचं, सदरेचा पाया खणण्याआधीच गेलेलं, मागे आणखी दोन. आवडी बघत होती. हिरूचं गलबत अगदी बरोबर वाटेवर होतं. मग ते थबकलं. मग जरा फिरलं. दिवा दिसत नाही, म्हणजे आपणच चुकलो, असं हिरूला वाटलं असणार. लहानपणापासून त्याला तेच शिकवलेलं. बरोबर वाटेवर असलेला माणूस वाट शोधत खडपाकडे सरकू लागला.

आवडी धावत सुटली. तिने हाकाटी केली तशी गावातली तरणी पोरं होड्या ओढायचे दोर घेऊन आली. मधल्या कमानीच्या खांबांना वेढे पडले. तोवर पंचांना कळलं. ते लगबगीने येऊन नेमके त्या कमानीखाली बसले, आपापल्या चौरंगावर, रोजच्यासारखे.

“ओढा,” विसाजीशेट म्हणाला. “आधी आमच्या अंगावर दगड पाडा, मग ओढा. गावाची सदर आहे ही, तुमच्या बापाची नव्हे!”

पोरांचे हात थांबले. म्हाताऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं की पोरांचे हात थांबतात.

आवडी मात्र सरळ कान्हूपुढे गेली. “मामंजी, उठता?”

कान्हू उठला नाही.

“बरं. नका उठू. बसूनच चला.”

तिने खूण केली. चौघांनी चौरंग धरला आणि कान्हूला बसल्या जागी उचललं. म्हातारा ओरडला, लाथा झाडू लागला, विसाजीशेटच्या अंगवस्त्राला धरून राहिला. ते त्याच्या हातात आलं. पोरांनी त्याला सदरेला वळसा घालून वाळूवर नेलं, लाटांशी, आणि गावाकडे तोंड करून ठेवलं.

“आता तुम्ही हिरू,” आवडी म्हणाली. “गुरवाने दिवा लावलाय. सांगा, दिसतो का?”

कान्हूने बघितलं. समोर त्याची सदर होती. उंच आढं, नवी कौलं. त्याने मान इकडे केली, तिकडे केली, जणू डोळेच कमजोर झाले असावेत.

“मामंजी, दिसतो का?”

मागे गलबत फिरत होतं. कान्हूने वळून पाहिलं आणि ते वळण ओळखलं. ते त्यानेच शिकवलेलं होतं. म्हणे त्या वेळी वारासुद्धा थांबला. सगळ्या बंदराने त्याचं उत्तर ऐकलं.

“नाय दिसत,” तो म्हणाला. मग मोठ्याने, रडत, “नाय दिसत रे! ओढा!”

सदरेत बसलेल्या पंचांनी ते ऐकलं. आपल्यातलाच एक बोलला म्हटल्यावर ते अशा चपळाईने उठले, की त्यांचे गुडघे खरंच दुखत होते का, अशी शंका गावाला कायमची राहिली. दोर ताणले गेले. मधली कमान छपरासकट आणि मागच्या भिंतीसकट खाली आली. धूळ बसायच्या आत आवडी दीपमाळेवर चढली होती. गुरवाची वात धुळीने विझली होती. तिने स्वतःच्या हाताने लावली. समोर पाणी दिसलं.

मागच्या दोन गलबतांनी त्या खिंडारातून दिवा पाहिला आणि ती सरळ आत आली. हिरूचं गलबत तोवर खडपावर बसलं होतं. त्याची माणसं मागच्या गलबतांनी पाण्यातून उचलली. हिरू शेवटपर्यंत सुकाणूवर होता. तो मिळाला नाही.

आवडी सासऱ्याला एका शब्दाने बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने त्याला पुन्हा चौरंगासकट वाळूवर नेववलं आणि वरून हाक दिली, “मामंजी, दिसतो का?” कान्हू म्हणाला, “दिसतो.” रोज विचारायची, रोज तो सांगायचा. पुढे पुढे त्याची नजर पायाशीच असे आणि तोंडातून सवयीने ‘दिसतो’ येई. ते आवडीच्या ध्यानात आलं. एके दिवशी तिने दिव्यावर मडकं पालथं धरलं आणि विचारलं. खालून आलं, “दिसतो.” तिने मडकं काढलं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं. अखेर म्हाताऱ्याने मान वर केली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “नाय दिसत.” तेव्हाच तिने मडकं उचललं.

कान्हू पुन्हा सदरेत बसला नाही. पंचांनी कमान दुरुस्त करायचं काढलं तेव्हा खांबाला टेकून तोच वाट अडवून उभा राहिला, म्हणतात. एवढं त्याच्या पदरात घालायला हरकत नाही.

आता खाडीच्या तोंडावर सरकारी दीपस्तंभ आहे, बोटींना इंजिन आहे, तांडेलाच्या हातात वाट दाखवणारं यंत्र आहे. दीपमाळेच्या दिव्यावाचून कुणाचं अडत नाही. तरी आजही संध्याकाळ झाली की खारवीवाड्यातली एक सून दीपमाळेवर चढते आणि गावातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला चौरंगासकट उचलून वाळूवर नेतात. चालत जायची मुभा नाही. ‘माझी प्रकृती ठीक नाही’ चालत नाही.

परवा बापूंची गोष्ट संपायला आणि पोरांनी चौरंग उचलायला एकच गाठ पडली. वाळूवर ठेवल्यावरही ते पाहुण्यांकडे वळून वखारींची लांबी सांगत होते.

“बापूनू, दिसतो का?” वरून हाक आली.

“दिसतो, दिसतो,” बापू हात हलवत म्हणाले, आणि वखारींकडे वळले.

पोरांनी हुर्यो केली. पाहुणे गोंधळले. वर दिव्यावर मडकं पालथं होतं.

“बापूनू, दिसतो का?”

बापू वैतागले. चष्मा काढून धोतराला पुसला, पुन्हा घातला. खिंडारातून दीपमाळेकडे बघत राहिले. लाट चौरंगाच्या पायांना लागून गेली.

“नाय दिसत गो,” बापू म्हणाले.

तेव्हा तिने मडकं उचललं.