न विटणारा हिरवा

फार पूर्वी एका राजाने न विटणारा हिरवा रंग शोधण्यासाठी रंगशाळा बांधली. राज्यातले आठ निवडक रंगारी तिथे आणले आणि त्यांच्यावर एक मुख्य नेमला.

मुख्याची शिस्त कडक. दोन रांजणांमध्ये उंच भिंत. शेजाऱ्याशी बोलायला बंदी. आणि ज्याचं कापड फसेल, त्याचं कापड नावासकट वेशीवर टांगायचं. बाजाराला जाणारे लोक बोट दाखवून हसत.

पाच वर्षं गेली, हिरवा काही सापडेना. सापडणार कसा? हसं होईल या भीतीने सगळे आपला जुना लाल रंगच पुन्हा पुन्हा काढत.

एकट्या हौसा रंगारणीची सात कापडं वेशीवर होती. आठवं फसलं, तेव्हा ती ते घेऊन सरळ अंगणात आली आणि मोठ्याने म्हणाली, "हे बघा, निळीवर हळद चढवली. रंग सुरेख आला, पण उन्हात हळद उडाली. कुणाला काही सुचतंय का?"

मग एक म्हातारा रंगारी भिंतीआडून पुढे आला. "मी डाळिंबाच्या सालीचा पिवळा काढला होता. उन्हात टिकला, पण मळकट दिसला. भीतीने ते कापड पुरून टाकलं."

"निळीवर चढवून पाहिलात?"

"निळीचं मला काय कळतं? आणि विचारणार कुणाला?"

तेवढ्यात मुख्य धावत आला. "शिस्त मोडलीस! माफी माग, नाहीतर चालती हो."

"फसलं ते कापड," हौसा म्हणाली. "ते चारचौघांत दाखवलं, यात माझं काही चुकलं नाही. माफी मागणार नाही."

ती निघाली. पाठोपाठ म्हातारा निघाला. मग एकेक करत आठही जण बाहेर पडले.

नदीकाठी झाडाखाली त्यांनी रांजण मांडले. फसलेलं प्रत्येक कापड सगळे मिळून पाहत, भांडत, पुन्हा बुडवत. कुणी तुरटी वाढवून पाहिली, कुणी साल जास्त उकळली. अखेर नीळ आणि डाळिंबाची साल यांतून असा हिरवा निघाला, की उन्हाळाभर वाळवला आणि पावसाळाभर भिजवला तरी विटला नाही.

राजा स्वतः आला. "रंगशाळेत परत चला. हौसा, तुला मुख्य करतो."

"नको महाराज. कापड खुशाल घेऊन जा. आम्ही इथंच काम करणार, आणि आमच्यात मुख्य कुणी नसणार."

राजा जोडे काढून वाळूत बसला. "इथं बसून बघितलं तर चालेल?"

"बघा की. पण कुणाचं फसलं तर हसायचं नाही."

तात्पर्य: जिथे चूक लपवावी लागते, तिथे हुशार माणसंही जुनंच उगाळत बसतात. ती भीती झुगारा, नवं मग सापडतं.