आईने घेतलेलं नाव

बाबांचं नाव आईच्या तोंडून वर्षातून एकदाच ऐकू येत असेल, तर मुलीने ते कुठे जपून ठेवावं, सांगा बरं?

शमिकाचे बाबा बोटीवर नोकरीला. आई त्यांना 'हे' म्हणायची. नाव घ्यायची फक्त संक्रांतीच्या हळदीकुंकवात. नववीच्या प्रकल्पात एकाच विषयावर निरनिराळ्या साहित्यप्रकारांत लिहायचं होतं. शमिकाने 'बाबांची वाट' हा विषय घेतला. पत्र लिहिलं, संवाद लिहिला आणि शेवटी आईचा उखाणा:

'खाडीवर दिवे लागले, काळोख झाला फार,
जयवंतरावांसाठी ठेवते उघडं माझं दार.'

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक परचुरे सरांनी त्यावर लाल रेघ ओढली. "उखाणा म्हणजे बायकांची करमणूक! हे काय साहित्य झालं?"

सरांच्या पत्नी, चित्रकलेच्या बाई, शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहत शमिका हळूच म्हणाली, "सर, मग लग्नात बाईंनी तुमचं नाव निबंधात घेतलं होतं का?"

बाईंना हसू आवरेना. "अगं, उखाण्यातच! आणि यांनी तो दोनदा म्हणायला लावला!"

सर ओशाळले. कोरा कागद पुढे करून म्हणाले, "नीट अक्षरात लिही."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शनात आई त्या कागदापुढे उभी राहिली आणि संक्रांत नसताना तिने बाबांचं नाव मोठ्याने वाचलं.