दुकान वाढवलं, बाई!

या, आडवे व्हा. पाय पांघरुणात घ्या. हं, ऐका.

फार दूर एक राज्य होतं, आणि त्या राज्याला एक राजा होता. पण गोष्ट राजाची नाही बरं का, गोष्ट आहे भिवराची. भिवरा बांबूच्या वस्तू करायची. सुपं, परड्या, टोपल्या, रोवळ्या. बांबू तोडून आणायचा तिनं, चिरायचा तिनं, विणायचा तिनं, ओट्यावर माल मांडायचा तिनं आणि गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची तीही तिनंच. दुसरं माणूस नाही. ओट्याएवढं दुकान आणि कमरेला एक कोयती, एवढाच तिचा संसार. पण त्या दुकानावर तिचा जीव होता. रोज झाडून, नवं सूप पुढं मांडून, ती अशी काही बसायची की राणीनं बघत राहावं.

आता राजाचं ऐका. त्याला अशुभ शब्दाची भारी भीती. आपली आई कशी, बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणते. नारळ फोडला म्हणत नाही, वाढवला म्हणते. संध्याकाळी दुकानदार दुकान बंद करत नाही, वाढवतो. बरोबर की नाही? पण या राजानं कहरच केला. दवंडीच पिटली. फुटलं, मोडलं, तुटलं, संपलं, बंद, कमी, यातला एक शब्द जरी कुणाच्या तोंडून आला, तर त्याचं घरदार जप्त आणि तो वेशीबाहेर! मग काय, लोक सगळ्यालाच ‘वाढलं’ म्हणायला लागले. मडकं वाढलं, चप्पल वाढली, घरातलं मीठ वाढलं. चौकाचौकात शिपाई कान टवकारून उभे.

एकदा काय झालं, भिवरा बांबूच्या बेटात गेली. एक हिरवागार बांबू बघितला, कोयती उगारली, तर बांबू बोलला की!

‘‘बाई गं, मला राहू दे. माझ्या बुडाशी कोंब आहे, बघ.’’

भिवराच्या हातातली कोयतीच गळून पडली. बघते तो खरंच, बुडाशी इवलासा कोंब.

‘‘राहा बाबा,’’ ती कशीबशी म्हणाली.

‘‘मग आजपासून तुझ्या हाताखालचा बांबू तुझा शब्द पाळील,’’ बांबू म्हणाला आणि गप्प झाला. भिवरा वाळलेले चार बांबू उचलून जी पळत सुटली, ती घरी येऊनच थांबली. उन्हानं डोकं फिरलं असेल, असं म्हणून ती तांब्याभर पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी शेजारची सावित्राकाकू जुनं सूप घेऊन आली. ‘‘भिवरे, बघ गं याला काय झालंय.’’

भिवरानं सूप हातात घेतलं. कड मोडलेली. मोडलेली म्हणायची सोय नाही. ती म्हणाली, ‘‘काकू, हे तर वाढलंय हो.’’

आणि मग? सूप वाढलं ना! परातीएवढं झालं, खाटेएवढं झालं, अंगणभर झालं. काकू पळायला गेली ती सुपातच पडली. जात्यावर दळायला काढलेल्या गव्हासारखी सुपात बसून ओरडतेय, ‘‘अगं मला उतरव! अगं बाई, उतरव!’’ भिवराचा आ वासलेला मिटेना. शेजारणींनी काकूला ओढून काढलं आणि ज्या गेल्या त्या दिवसभर फिरकल्या नाहीत.

तरी भिवराच्या ध्यानात आलं नाही बरं का. संध्याकाळी तिनं टोपल्यात टोपल्या घातल्या, फळी लावली आणि रोजच्यासारखी जांभई देत म्हणाली, ‘‘चला, दुकान वाढवलं बाई.’’

सकाळी उठते तर दार सापडेना! टोपल्यांना पालवी फुटलेली. परड्यांचे बांबू छपरातून वर गेलेले. दुकान रस्ता ओलांडून विहिरीपर्यंत पोचलेलं आणि विहिरीवरच्या बायका टोपल्यांच्या रानात अडकून हाका मारताहेत. भिवरा स्वतःच्याच दुकानात हरवली, बोला आता! मग तिला बांबूचं बोलणं आठवलं. बांबूला बिचाऱ्याला माणसांची आडवळणं काय ठाऊक? तो वाढ म्हटलं की वाढतो.

‘कमी हो’ म्हणावं, तर बाहेर शिपाई उभा. दुकान जायचं, कोयती जायची, आपण वेशीबाहेर. तिनं कोयतीनं तोडत तोडत वाट काढली आणि त्या दिवसापासून तोंडच उघडायचं सोडलं. गिऱ्हाइकानं काही विचारलं की नुसती मान हलवायची.

अशात राणीला मुलगी झाली. बारशाला बांबूचा पाळणा हवा, भिवराच्याच हातचा, असा निरोप आला. भिवरानं जीव ओतून पाळणा विणला. एक शब्द बोलली नाही. पाळण्याला हात लावून नुसती हसली.

बारशाचा दिवस. वाड्यात ही गर्दी! छोटी राजकन्या पाळण्यात, बायका गाणी म्हणताहेत, भिवरा पाळण्याची कड धरून उभी. तेवढ्यात काड्‌ असा आवाज आला. बाळाच्या डोक्याशी एक कामटी, म्हणजे बांबूची पट्टी, चिरत चालली होती. सगळं विसरून भिवरा ओरडली, ‘‘राणीसाहेब, धावा! कामटी वाढली!’’

अरे देवा! कामटी सळसळत वर निघाली. पाळणा उचलला गेला. कौलं उडाली. पाळणा बाळासकट आभाळात! खालची माणसं पुतळ्यासारखी उभी. राजाचा मुकुट घरंगळत गेला, त्याला पत्ता नाही.

‘‘थांब!’’ भिवरा किंचाळली. बांबू थांबला.

‘‘खाली ये रे!’’ बांबू वाकला. आणि पाळणा कलला! वर बाळ रडायला लागलं.

‘‘थांब, थांब!’’

राणीनं भिवराचे पाय धरले. राणीनं, बरं का! ‘‘बाई, काहीतरी म्हण. माझं लेकरू पडेल.’’

भिवराला ठाऊक होतं काय म्हणायचं ते. तिनं ‘क’ उच्चारला मात्र, प्रधानानं झडप घालून तिच्या तोंडावर हात ठेवला. ‘‘अशुभ! बारशाच्या दिवशी! दुकान गेलं समज!’’

भिवराला तिचा ओटा दिसला. पुढं मांडलेलं नवं सूप दिसलं. डोळ्यांत पाणी आलं. मग वरून पुन्हा बाळाचा आवाज आला आणि तिनं प्रधानाचा हात हिसडून टाकला.

‘‘कमी हो!’’ ती ओरडली. ‘‘कमी हो रे राजा, हळूहळू कमी हो!’’

आणि बांबू कमी झाला. अगदी हळू, आई बाळाला खाली ठेवते तसा. पाळणा जागेवर आला. बाळ मुठी चोखत होतं.

दवंडीनंतर राज्यात तो शब्द सगळ्यांनी पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं ऐकला होता. भिवरानं कमरेची कोयती काढून राजापुढं ठेवली आणि वेशीकडं जायला निघाली.

‘‘थांब,’’ राजा म्हणाला. ‘‘प्रधानजी, हा नियम आजपासून... हा नियम... वाढवा.’’

‘‘आज्ञा!’’ प्रधान खूश. ‘‘आणखी कोणते शब्द घालू, महाराज?’’

राजानं कपाळावर हात मारला. राणी ओरडली, ‘‘अहो, नीट म्हणा की एकदा!’’

राजाला घाम फुटला. शेवटी डोळे गच्च मिटून तो म्हणाला, ‘‘ब... ब... बंद!’’

एक डोळा उघडून त्यानं वर बघितलं. आभाळ पडलं नव्हतं. बाळ तेवढं हसलं.

राजानं कोयती उचलून भिवराच्या हातात दिली. मग घरी जाऊन तिनं आधी ते रान कमी केलं. काकूचं सूप नीट करून दिलं. आणि संध्याकाळी फळी लावून, कमरेवर हात ठेवून, गावाला ऐकू जाईल असं म्हणाली, ‘‘दुकान बंद!’’ त्या रात्री ती गाढ झोपली. सकाळी दुकान होतं तिथंच होतं, तेवढंच होतं. पुढं सगळी सुखानं राहिली.

आणि आपली गोष्ट? वाढली नाही हं, संपली. डोळे बंद.