जाळीतलं पाणी

“मग सांगा ना सर, काय कमी आहे हिच्यात?”

केदार हेरवाडकरने पुन्हा विचारलं.

विश्वंभर नाडगौडांनी मांडीवर पसरलेल्या जाळीच्या तुकड्यावरून तळवा फिरवला. मग तुकडा उलटा केला आणि पुन्हा फिरवला.

कागदाच्या मशीनसाठी जाळ्या विणण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. केदार त्यांच्याच हाताखाली शिकला. सर निवृत्त होऊन नदीकाठच्या मठात राहायला गेले आणि कारखान्यात त्यांच्या खुर्चीवर केदार बसला. आज स्वतः विणलेली नवी जाळी दाखवायला तो मठात आला होता.

“वरचा धागा केसासारखा बारीक आहे,” केदार म्हणाला. “कागदावर विणीचा ठसा म्हणून उमटत नाही. खालचा धागा जाड, म्हणजे झीज नाही. सर, तुमची जाळी... रागावू नका... ती बैलगाडीच्या काळातली. आता मशीन आगगाडीसारखी धावते.”

“खरं आहे.”

“मग?”

“पाणी कुठं जातं?”

केदारला हसू आलं. असलं काही नव्या उमेदवाराला पहिल्या दिवशी विचारतात.

“पातळ लगदा जाळीवर पडतो. पाणी खाली गळतं, तंतू वर राहतात, त्यांचा कागद होतो. तुम्हीच शिकवलंत.”

“सगळं पाणी गळतं?”

“सगळं.”

सरांनी तुकडा त्याच्या हातात दिला.

“उद्या मिलमध्ये चाचणी आहे,” केदार म्हणाला. “तुम्ही यायचंच. तुमच्या डोळ्यांदेखत चालवायची आहे मला.”

“येतो.”

दुसऱ्या दिवशी मशीनच्या हॉलमध्ये एवढा आवाज होता, की माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होती.

जाळी चढवली होती तवनाप्पा चौगुलेंनी. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते या मिलमध्ये होते. आता डोकं पांढरं झालं होतं, आणि मशीन त्यांच्या ताब्यात होती. नवी पोरं त्यांच्याकडे बघून काम शिकत. ‘ओल्या कागदाला हात लावायचा न्हाई, वाळू द्यायचा,’ हा त्यांचा पहिला धडा.

मशीन सुरू झाली. लगदा जाळीवर सांडला, आणि बघता बघता पलीकडून ओला, पांढरा कागद निघाला.

“वेग वाढवा,” केदार ओरडला.

वाढवला.

“अजून!”

मिलच्या मॅनेजरसाहेबांनी मान डोलावली. केदारने सरांकडे पाहिलं. सर मशीनकडे बघत होते.

आणि कागद तुटला.

ओल्या लगद्याचा ढीग खाली साचला. तवनाप्पांनी आणि पोरांनी धावत जाऊन तो ओढला, कागद पुन्हा लावला. थोडा वेळ चालला. पुन्हा तुटला.

केदार पुढे झाला, वाकून पाहू लागला. त्याच्या चष्म्यावर काहीतरी बसलं. बारीक थेंब.

जाळी फिरत्या रुळावरून वळत होती तिथं धुकं उठलं होतं.

त्याच क्षणी त्याला सगळं कळलं. दोन थर विणण्याच्या नादात जाळी जाड झाली होती. तिच्या पोटात पाणी अडून राहत होतं, आणि एवढ्या वेगात वळताना बाहेर फेकलं जात होतं. तेच थेंब ओल्या कागदावर पडत होते. भोकं पाडत होते.

केदारने चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला. कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून वळला.

सर त्याच्याकडेच बघत होते.

“काय झालं, हेरवाडकर?” मॅनेजरसाहेबांनी कानाशी येऊन विचारलं.

तोंडात एक होतं, बाहेर दुसरंच आलं.

“ताण चुकलाय. जाळी नीट बसवलेली नाही. ए तवनाप्पा, काय करून ठेवलंस?”

वडिलांच्या वयाच्या माणसाला तो अरेतुरे करत होता. पोरं थांबून बघायला लागली.

“ताण बरोबर हाय, साहेब,” तवनाप्पा म्हणाले. “माझ्या हातानं बघितलाय.”

“मग कागद काय आपोआप तुटतो? जमत नसेल तर सांगायचं तसं!”

मॅनेजरसाहेब सकाळपासून वैतागलेले होते. त्यांनी हाताने खूण केली. “तवनाप्पा, बाजूला हो. उद्यापासून या मशीनवर यायचं नाही. गोदामात जा.”

तवनाप्पांनी हातमोजे काढून कठड्यावर ठेवले. पोरांकडे मात्र त्यांना बघवलं नाही.

तेव्हा नाडगौडा सर पुढे आले. तवनाप्पांच्या समोर उभे राहिले, हात जोडले, आणि कमरेतून वाकले.

“मला माफ करा.”

तवनाप्पा दचकून मागे सरकले. “अवो सर, हे काय करताय! तुमचा काय संबंध?”

“याला मी शिकवलंय.”

एवढंच म्हणाले. मशीनच्या आवाजात मॅनेजरसाहेबांना ते ऐकूही गेलं नसेल. केदारला गेलं.

सर वाकलेलेच होते. त्यांच्या मानेवरचे पांढरे केस त्याला दिसत होते.

“दोष जाळीचा आहे,” केदार म्हणाला.

“काय?” मॅनेजरसाहेबांनी कानाला हात लावला.

“दोष... जाळीचा आहे.”

“ऐकू येत नाही! मोठ्यानं बोला!”

केदारने छाती भरून श्वास घेतला.

“दोष जाळीचा आहे! माझ्या जाळीचा! यांचं काही चुकलेलं नाही! मला...”

नेमकी त्याच वेळी कुणीतरी मशीन बंद केली. आवाज झपकन खाली आला.

“...मला माहीत होतं!”

शेवटचे शब्द अख्ख्या हॉलभर गेले.

जाळीतून पाणी टपकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

मॅनेजरसाहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “काढा ती. जुनी चढवा. तवनाप्पा, तुम्हीच चढवा.”

तवनाप्पांनी हातमोजे उचलले. केदार त्यांच्याजवळ गेला.

“तवनाप्पा, मी...”

“जरा सरका, साहेब. काम हाय.”

तो सरकला.

बाहेर आवारात रद्दीचे गठ्ठे रचलेले होते. सर एका गठ्ठ्यावर बसले. केदार उभाच राहिला.

“काल पाणी कुठं जातं विचारलंत,” तो म्हणाला, “तेव्हाच तुम्हाला ठाऊक होतं. सांगितलं असतंत तर...”

“ठाऊक नव्हतं.”

“सर?”

“एवढ्या वेगाची जाळी मी कधी विणली नाही. मला खरंच कळत नव्हतं... म्हणून विचारलं.”

केदार खाली बघत राहिला.

“सगळ्यांसमोर मला बोलायचं होतंत,” तो म्हणाला. “कानाखाली वाजवली असतीत तरी चाललं असतं. तुम्ही कशाला वाकलात?”

सरांनी गठ्ठ्यातून सुटलेला कागदाचा कपटा आत खोचला.

“जाळीचं मी बघेन. पातळ विणेन, पोटात पाणी राहू देणार नाही. तवनाप्पांच्या घरी जाईन, माफी मागेन. पण हे आत जे होतंय... त्यांच्याकडे बघवत नाही. तुमच्याकडे बघवत नाही. फार लाज वाटते, सर... ही कशी घालवू?”

सर उठले. धोतराला चिकटलेले कागदाचे कपटे त्यांनी झटकले. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“अजून ओली आहे, केदार. हात लावू नकोस.”