तालमीतली फरशी

"आणि हातातनं सुटला तर?"

कस्तुरीनं हे सकाळपासून चौथ्यांदा विचारलं. इस्माईल वस्ताद बाकावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

उद्या क्रीडा वसतिगृहाची निवड. पन्नास किलोचा बार खांद्यावर घ्यायचा, गुडघे जरा वाकवून पायांनी झटका द्यायचा आणि एका दमात डोक्यावर न्यायचा. जमलं तर तिथं जागा, नाहीतर गाशा गुंडाळून घरी, कारण वयात बसायचं हे शेवटचं वर्ष. आणि बार तर आठ दिवस कपाळापर्यंत जाऊन अडत होता. आपले खांदेच कमी पडतायत, असं पोरीनं ठरवूनही टाकलं होतं.

वस्तादांच्या तालमीत एक नियम फार कडक. लोखंड आपटायचं नाही. ज्याच्या हातून आपटेल त्यानं पाचशे बैठका मारायच्या. चाळीस वर्षांत फरशीवर चरा उमटला नव्हता, आणि म्हातारा हे गावभर सांगत फिरायचा.

"झटका देताना मनात काय असतं गं?"

"अलगद खाली कसा ठेवू..."

"वर जायच्या आधीच?"

कस्तुरीनं खाली फरशीकडं पाहिलं.

वस्ताद उठले. हलका बार घे, वर ने आणि तिथनं सोडून दे म्हणाले. ती त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिली. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय?

"सोड."

तिनं बार सोडला आणि मागं सरली. तालीम हादरली. जोर मारणारे जागच्या जागी थांबले. फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली होती.

कस्तुरीला रडूच फुटलं. रडत रडतच ती बैठकांना लागली. वस्तादांनी दंड धरून तिला उभं केलं, स्वतः वाकून बारला चकत्या चढवल्या आणि पुरे पन्नास किलो केले.

तिनं दम भरला, गुडघे वाकवले...

बार कपाळाशी थांबलाच नाही. कोपरं ताठ झाली. वर पन्नास किलो, खाली चिरलेली फरशी, आणि मधे ती.

"वस्ताद... आता?"

वस्तादांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि दारात जाऊन चपला घातल्या.

"आता तुझं तू बघ. मी गवंड्याकडं चाललो."