चिचुंद्रीबाई किल्ली आणते

ऐक रे सोन्या, ऐक गं मने. एक होती फटफटी. तिच्यावर बसायची तुळसाताई.

कुणाचं औषध अडलं, की ताई निघायची. ऊन असो, वारा असो. हा तिचा नेम.

आज औषध होतं तान्ह्या मैनेचं. मैना होती दवाखान्यात. दवाखाना डोंगरापलीकडे. औषध हवं थंडगार. म्हणून ते बर्फाच्या पेटीत ठेवलं. फट फट फट! निघाली ताई.

वाटेत आली चिचुंद्री. एवढीश्शी. लांब नाकाची. तिला नीट दिसेना. रस्त्याच्या मधोमध गोंधळली. चुक चुक चुक!

कर्रर्र! ताई थांबली. किल्ली काढली, सीटवर ठेवली. चिचुंद्रीला ओंजळीत घेतलं, कडेला सोडलं. म्हणाली, "जा गं बाई. आधी तू, मग मी."

बाई! चिचुंद्रीला आजवर कुणी बाई म्हटलं नव्हतं. 'शी, वासाडी!' असंच म्हणायचे सारे.

तेवढ्यात, काव! कावळ्याने चमचमती किल्ली उचलली. भुर्रर्र! बसला उंच फांदीवर.

"दे रे बाबा, दे!" ताई म्हणाली. कावळा कुठला देतोय!

पेटीतून पाणी गळू लागलं. टप टप टप!

"ताई माझ्यासाठी थांबली. किल्ली मीच आणते," चिचुंद्री म्हणाली. निघाली कडेकडेने. तुरुतुरु तुरुतुरु.

"कावळ्या कावळ्या, किल्ली दे!
किल्लीवाचून अडली फटफटी,
तिकडे रडते तान्ही मैना.
बर्फ वितळतो, टप टप टप!"

कावळा म्हणाला, "चल गं वासाडे! मला लागलीय भूक. आधी घास दे, मग किल्ली देईन."

तुरुतुरु तुरुतुरु. चिचुंद्री गेली वाटेवरच्या घरातल्या काकूकडे.

"काकू काकू, घास दे!
कावळा देईना किल्ली,
किल्लीवाचून अडली फटफटी,
तिकडे रडते तान्ही मैना.
बर्फ वितळतो, टप टप टप!"

काकू म्हणाली, "अगं, आज माझा सोमवारचा उपास. देवाला दूधभाताचा नैवेद्य दाखवल्याशिवाय घास कसा काढू? आधी दूध दे, मग घास देईन."

तुरुतुरु तुरुतुरु. चिचुंद्री गेली गाईकडे.

"गाई गाई, दूध दे!
काकू देईना घास,
कावळा देईना किल्ली,
किल्लीवाचून अडली फटफटी,
तिकडे रडते तान्ही मैना.
बर्फ वितळतो, टप टप टप!"

गाय म्हणाली, "हम्माऽ! पोट बघ माझं, कसं खपाटीला गेलंय. आधी चारा दे, मग दूध देईन."

तुरुतुरु तुरुतुरु. चिचुंद्री गेली गवताकडे.

"गवता गवता, चारा दे!
गाय देईना दूध,
काकू देईना घास,
कावळा देईना किल्ली,
किल्लीवाचून अडली फटफटी,
तिकडे रडते तान्ही मैना.
बर्फ वितळतो, टप टप टप!"

गवत म्हणालं, "मी तर वाळून गेलंय. आधी पाणी दे, मग चारा देईन."

तुरुतुरु तुरुतुरु. चिचुंद्री गेली हापशाकडे.

"हापशा हापशा, पाणी दे!
गवत देईना चारा,
गाय देईना दूध,
काकू देईना घास,
कावळा देईना किल्ली,
किल्लीवाचून अडली फटफटी,
तिकडे रडते तान्ही मैना.
बर्फ वितळतो, टप टप टप!"

हापसा खोकला. खर्र खर्र! "घसा कोरडा पडलाय गं. वरून थोडं पाणी ओतलं, की खालचं पाणी येतं. आधी पाणी दे, मग पाणी देईन."

पाण्यालाच पाणी! आता कुणाकडे जायचं? चिचुंद्री आली ताईकडे. चुक चुक रडली.

"हापसा देईना पाणी, ताई!"

"पाणी? अगं बाई, हे काय गळतंय!"

ताईने डोक्याचं हेल्मेट काढलं. पेटीखाली उलटं धरलं. टप टप टप! पाणी साचलं.

"घे," ताई म्हणाली. आधी काही मागितलं नाही. मग काही मागितलं नाही.

ताई धावली, चिचुंद्री धावली. हेल्मेटातलं पाणी हापशात ओतलं. घट घट घट!

हापशाने दिलं पाणी, भळभळ भळभळ!
गवताने दिला चारा, सळसळ सळसळ!
गाईने दिलं दूध, चुर्र चुर्र!
काकूने दाखवला नैवेद्य, टिण टिण टिण!
काकूने दिला घास.
कावळ्याने दिली किल्ली, छन्न!

पेटीत बर्फ उरला होता एवढासाच. ताईने ओलं हेल्मेट घातलं. हुडहुड! फट फट फट! चढली डोंगर, उतरली डोंगर.

"आलं का औषध?" दवाखान्याच्या दारातून हाक आली.

"आलं!"

अजून थंड होतं. मैनेला औषध दिलं. मैना झोपली. उठली. आणि खुदकन हसली.

दिवेलागणीला ताई परत आली. काकू उपास सोडायला बसली होती. शेजारी मांडला होता इवलासा पाट. पाटाभोवती रांगोळी.

कावळा म्हणाला, "हा पाट कुणाला? त्या वास..." काकूने नुसतं बघितलं. कावळ्याने शब्द गिळला. "या हो, चिचुंद्रीबाई!"

चिचुंद्री पाटावर बसली. काकूने पहिला घास तिच्यापुढे ठेवला.

"खा गं बाई. आधी तू, मग मी."

मैना बरी झाली, तशी सगळी लेकरं बरी होवोत. औषध घेऊन निघालेल्याला वाट मोकळी मिळो.

आता कर बरं आ. हा घास तुझा. आधी तू, मग मी.